नऊ छावण्यांबाहेरचे गाव : पियांग लुआंगचा प्रवास

शुक्रवार, च्यांग माई

उत्तर थायलंडमधल्या च्यांग माई शहरातल्या बान हो मशिदीजवळ दर शुक्रवारी सकाळी जो बाजार भरतो, तो चीनच्या युनान प्रांतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांचा म्हणून ओळखला जात असला, तरी म्यानमारच्या सीमेलगतच्या डोंगराळ मुलुखातला जवळजवळ प्रत्येक समाज तेथे काही ना काही विकायला बसलेला असतो. शान बायकांच्या टोपल्यांत आंबवून उन्हात वाळवलेल्या सोयाबीनच्या पातळ चकत्या होत्या आणि शेजारच्या पातेल्यात हरभऱ्याच्या पिठाचा तो पिवळा पदार्थ रटरटत होता, जो गरम असताना पिठल्यासारखा वाडग्यात वाढतात आणि निवल्यावर पाटवडीसारखा कापून ठेवतात. मला येथे घेऊन आलेली तरुणी काही वर्षे पुण्यात शिकायला होती, त्यामुळे ती मला "ताई" म्हणते. सध्या ती च्यांग माईत शान मजुरांच्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविका म्हणून काम करते आणि या प्रवासात दुभाषाचे काम तिनेच केले. तिचे नाव, तसेच पुढे भेटलेल्या कोणाचेही नाव, मी येथे देणार नाही, कारण या लोकांपैकी बहुतेकांची सुरक्षितता स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून आहे.

शान लोक मूळचे सीमेपलीकडच्या, म्यानमारमधल्या शान राज्यातले, आणि ते स्वतःला ताई म्हणवतात. थायलंडमध्ये त्यांना थाई याई, म्हणजे थोरले थाई, म्हणतात. भाषा थाईच्या जवळची, धर्म थेरवाद बौद्ध, शेतीची पद्धतही एकच. वस्तुतः हे साधर्म्य त्यांच्या कामी यायला हवे होते, पण निर्वासित म्हणून आश्रय मागताना तेच त्यांच्या आड आले आहे. थायलंडने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तरीही १९८४पासून म्यानमारमधून आलेल्या करेन आणि करेन्नी लोकांसाठी त्याने सीमेवर छावण्या चालू दिल्या, ज्यांना सरकारी भाषेत तात्पुरते निवारे म्हणतात. आज अशा नऊ छावण्या आहेत, आणि त्यांत शान लोकांसाठी एकही नाही. शान माणूस आपल्यासारखाच आहे, तो शेतात, बागेत, बांधकामावर सहज सामावून जातो, तेव्हा त्याला वेगळ्या निवाऱ्याची गरज काय, असे त्याचे कारण सांगितले जाते. परिणामी, ज्या सैन्याने करेन गावे जाळली त्याच सैन्याने ज्यांची गावे जाळली, ते शान लोक थायलंडच्या कागदोपत्री पोटासाठी आलेले मजूर ठरले.

दुपारी आम्ही जुन्या शहराच्या खंदकाच्या ईशान्येला असलेल्या वाट पा पाओ या शान मंदिरात गेलो. ते १८८३च्या सुमाराचे आहे, म्हणजे सागवानाच्या व्यापारामागोमाग शान व्यापारी आणि मजूर या शहरात येऊ लागले त्या काळातले. आवारात मजुरांच्या मुलांचे वर्ग भरतात. सिमेंटने माखलेल्या कपड्यांनी मुलांना न्यायला आलेले आईबाप पाहिल्यावर, च्यांग माईच्या नव्या इमारती कोणाच्या हातांनी उभ्या राहिल्या आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

शनिवार, च्यांग माई ते पियांग लुआंग

सकाळी लवकर निघालो. १०७ क्रमांकाच्या महामार्गाने च्यांग दाओपर्यंतचा रस्ता सपाट आहे, मग डावीकडे चुनखडकाचा तो प्रचंड डोंगर उभा राहतो आणि म्युआंग ङाई गावापासून घाट सुरू होतो. फेब्रुवारीचा शेवट असल्यामुळे डोंगरउतारावरचा पाचोळा जाळायला सुरुवात झाली होती आणि दहाच्या सुमारासही दरीवर धुराचा थर होता. म्युआंग ङाईजवळ राजा नरेसुआनचे मोठे स्मारक आहे. हा राजा १६०५ साली याच मार्गाने शान मुलुखाकडे मोहिमेवर जात असताना वारला, म्हणून थाई सैनिक येथे नेमाने नमस्काराला येतात. नरेसुआनचा मृत्यू ज्या म्युआंग हांगच्या परिसरात झाला असे सांगतात, ते गाव आज सीमेच्या पलीकडे आहे.

पुढे १३२२ क्रमांकाच्या अरुंद रस्त्यावर तपासणी नाके लागतात. येताना आम्हाला कोणी फारसे थांबवले नाही. उलट दिशेने, म्हणजे च्यांग माईकडे जाणाऱ्या प्रत्येक पिकअप गाडीतल्या माणसांची ओळखपत्रे मात्र बारकाईने पाहिली जात होती. माझ्या सोबतिणीने त्याचा अर्थ समजावून सांगितला. थायलंडमधल्या प्रत्येक रहिवाशाचा ओळखक्रमांक तेरा आकडी असतो आणि त्याचा पहिला आकडा माणसाची जातकुळी सांगतो. शून्याने सुरू होणारा क्रमांक म्हणजे नोंद झाली आहे, पण नागरिकत्वाचा वा वास्तव्याचा दर्जा नाही, असा माणूस. त्याला नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर जिल्हा कचेरीचा परवाना लागतो, आणि ज्याच्याजवळ शून्याचेही कार्ड नाही, त्याने या रस्त्यावर पाऊल न ठेवलेलेच बरे. हा रस्ता ज्या वियांग हेंगच्या खोऱ्यात उतरतो, तेथून बाहेर पडायला मुख्य रस्ता हाच. त्यामुळे कागद नसलेल्या माणसासाठी हे नाके आणि पाठीमागची सीमा यांच्यामध्ये एवढे खोरे हेच जग उरते.

पियांग लुआंग हे या रस्त्याच्या टोकाचे गाव. मुख्य पेठेत शान आणि चिनी दोन्ही लिपींतल्या पाट्या दिसतात, कारण १९४९नंतर युनानमधून हुसकले गेलेल्या राष्ट्रवादी चिनी सैनिकांचे वंशजही येथे राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढे थाई नागरिकत्व मिळाले, कारण थाई सरकारला त्यांचा साम्यवाद्यांविरुद्धच्या लढाईत उपयोग झाला होता. एकाच गावात दोन पलायनांची अशी दोन वेगळी फळे दिसतात, आणि हा फरक गुणदोषांचा नाही, सोयीचा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

रविवार, कौंग जोर

गावापासून थोड्या अंतरावर टेकडीच्या उतारावर कौंग जोर ही वस्ती आहे. मातीच्या अरुंद वाटा, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, काही छपरे पानांची, काही पत्र्याची, मध्ये एक लहानसे मंदिर आणि पाण्याच्या टाक्या. वस्तीच्या समितीतल्या ज्येष्ठांना आधी निरोप गेला होता. त्यांना सगळे लुंग म्हणतात, आपण काका म्हणतो तसे, आणि मीही तसेच म्हटले. त्यांनी मला बसायला चटई दिली, कढत चहा दिला आणि मी विचारण्याच्या आधीच वस्तीची कथा सुरुवातीपासून सांगायला घेतली. अशी कथा पूर्वीही कितीतरी पाहुण्यांना सांगून झाली असावी, तरी त्यांच्या सांगण्यात कंटाळा नव्हता.

ही सुरुवात त्यांच्या मते १९९६ची. त्या वर्षीच्या जानेवारीत अफूच्या व्यापारामुळे जगभर कुप्रसिद्ध झालेला खुन सा म्यानमारच्या लष्कराला शरण आला, पण त्याच्या सैन्यातला एक गट यॉड सर्क यांच्या नेतृत्वाखाली लढत राहिला. त्या गटाला गावकऱ्यांकडून मिळणारे अन्न, पैसा, बातमी आणि माणूसबळ तोडण्यासाठी लष्कराने मध्य शान राज्यातली गावेच्या गावे उठवली. शान मानवी हक्क प्रतिष्ठानाने केलेल्या नोंदींनुसार १९९६ ते १९९८ या काळात १,४००हून अधिक गावांतल्या ३ लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. हुकूम मिळाल्यापासून थोड्याच दिवसांत लष्करी तळाजवळच्या किंवा रस्त्याकडेच्या नेमलेल्या जागी जाऊन राहायचे, आणि मुदतीनंतर जुन्या गावात दिसेल त्याला गोळी, असा तो प्रकार होता. लाइखा, कुनहिंग, नामझांग, मोंग नाई या भागांतून लोक दक्षिणेकडे सरकत सीमेवर आले. लाइखाकडच्या एका आजींनी सांगितले की भाताची कापणी तोंडावर असताना त्यांना गाव सोडावे लागले आणि रात्री चोरून कापणीला परत गेलेला त्यांचा दीर पुन्हा दिसला नाही. त्या हे सांगत असताना त्यांची नात शेजारी बसून थाई पाठ्यपुस्तकातला उतारा मोठ्याने वाचत होती, तिला त्यांनी एकदाही गप्प केले नाही.

याच मुलुखात साल्विन नदीवर ७,००० मेगावॉटच्या आसपास क्षमतेचे ता सांग हे धरण बांधण्याची योजना वर्षानुवर्षे कागदावर आहे, आणि बुडिताखाली जाणाऱ्या भागातली कितीतरी गावे १९९६नंतरच्या विस्थापनातच रिकामी झालेली आहेत. १९९९पासून आणखी एक लोंढा आला. चीनच्या सीमेवरच्या, 'वा' नावाच्या जमातीच्या प्रदेशातून लाखाहून अधिक लोकांना तिथल्या वा सशस्त्र संघटनेने थाई सीमेलगतच्या मोंग तोन, मोंग साट या भागांत आणून वसवले, आणि तेथले शान, लाहू व आखा शेतकरी आपल्याच जमिनींवरून हटले. परत जायचे तर कोठे, या प्रश्नाला त्यामुळे अगदी जमिनीच्या तुकड्याएवढा ठोस अर्थ आहे. लुंगनी मला हातानेच दाखवले: या टेकडीमागे वा सैन्याचे ठाणे, त्या टेकडीमागे म्यानमारचे लष्कर, आणि मधल्या जागेत सुरुंग.

कौंग जोरची वस्ती २००२च्या मे महिन्यातली आहे. त्या महिन्यात सीमेच्या अगदी जवळ यॉड सर्क यांचे शान सैन्य आणि म्यानमारचे लष्कर यांच्यात लढाई पेटली आणि पलीकडच्या गावांतली सुमारे ६०० माणसे रात्रीत अलीकडे आली. थाई अधिकाऱ्यांनी त्यांना परत ढकलले नाही, याबद्दल वस्तीतले लोक आजही कृतज्ञतेने बोलतात आणि ते मीही येथे नोंदवते. पण त्यांना निर्वासित म्हणून नोंदवलेही नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करेन छावण्यांत जाते, मुलाखती घेते, तिसऱ्या देशांत पाठवण्याची व्यवस्था करते. या वस्तीसाठी तो मार्ग कधीच खुला नव्हता. सीमेवरच्या छावण्यांना धान्य पुरवणाऱ्या स्वयंसेवी संघटनेने येथेही तांदूळ, मीठ, तेल, कडधान्य देणे सुरू केले, आणि सीमेपलीकडच्या शान सैन्याच्या ताब्यातल्या लोई ताई लेंग, लोई काव वान यांसारख्या डोंगरमाथ्यांवरच्या विस्थापितांनाही ते मिळू लागले. मग शान सैन्याने २०११च्या डिसेंबरमध्ये शस्त्रसंधी केली, २०१५मध्ये देशव्यापी करारावर सही केली, आणि देणगीदारांना वाटू लागले की आता या लोकांनी परतायला हरकत नाही. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये धान्य बंद झाले. शस्त्रसंधीनंतर लष्कराचे एकही ठाणे त्यांच्या जुन्या शेतांवरून हललेले नव्हते, हे सांगायला येथले प्रतिनिधी त्या काळात ज्याला त्याला भेटत होते. त्यांचे म्हणणे खरे होते हे २०२१च्या लष्करी उठावानंतर सगळ्या जगाला दिसले, पण बंद झालेले धान्य त्यामुळे परत सुरू झाले नाही.

सोमवार, लसणाची शेते

सकाळी सात वाजता वस्ती जवळजवळ रिकामी होते. वियांग हेंगचे खोरे लसूण, बटाटा आणि मिरचीसाठी प्रसिद्ध आहे आणि हे दिवस लसूण उपटायचे होते. शेतमालक थाई, चिनी किंवा आधीच्या पिढीत नागरिकत्व मिळालेले शान, मजूर बहुतेक सगळे कागद नसलेले किंवा शून्याच्या कार्डाचे. बायका वाफ्यात उकिडव्या बसून लसणाच्या गड्ड्या उपटत, माती झटकत आणि पातीसकट जुड्या बांधून आडव्या ठेवत होत्या. ज्यांना मजुरीचे विचारले त्या सगळ्यांनी कायद्यातल्या किमान वेतनापेक्षा कमीच आकडा सांगितला. आकड्यापेक्षा त्यांना हंगामाची काळजी जास्त होती, कारण लसूण आणि मका यांच्या मधल्या महिन्यांत काम नसते आणि काम शोधायला नाक्यापलीकडे जाता येत नाही. ज्यांनी धोका पत्करला ती मुले फांग आणि माए आई या तालुक्यांतल्या संत्र्याच्या बागांत फवारणी करतात. त्या औषधांनी हातांची कातडी गेलेला एक जण दुपारी घरी पडून होता.

येथेच एका बाईने मला तो प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर मी अजून शोधते आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये थाई मंत्रिमंडळाने नऊ छावण्यांतल्या निर्वासितांना बाहेर कायदेशीर नोकरी करण्याची मुभा दिली. परदेशी मदत आटल्यामुळे आणि मजुरांची टंचाई असल्यामुळे घेतलेला हा निर्णय चांगला आहे आणि चार दशके कुंपणाआड राहिलेल्या लोकांना त्याची गरज होती. या बाईने ही बातमी फोनवर पाहिली होती. तिने विचारले, आम्ही तर पहिल्या दिवसापासून त्यांच्या शेतात काम करतो आहोत, मग परवाना आम्हाला का नाही? यादी नऊ छावण्यांची आहे आणि त्या यादीत कौंग जोर नाही, एवढेच खरे उत्तर आहे. ते तिला माझ्याहून चांगले ठाऊक होते.

आपल्या वाचकांनी हे परक्या देशाचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवू नये असे मला मनापासून वाटते. १९५१च्या करारावर भारतानेही सही केलेली नाही, आणि २०२१पासून म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेले हजारो चिन लोक मिझो समाजाशी असलेल्या नात्यामुळे आणि राज्य सरकारच्या आस्थेमुळे तेथे राहत आहेत, केंद्राच्या कायद्यात मात्र त्यांना निर्वासित असे स्थान नाही. नात्यावर मिळालेला आसरा मोलाचा असतो, पण तो टिकेल याची हमी कोणताच कायदा देत नाही.

मंगळवार, लाक तेंग आणि वाट फा वियांग इन

पियांग लुआंगच्या उत्तरेला लाक तेंग येथे सीमेवरचे नाके आहे. एकेकाळी येथून जनावरे, तांदूळ, कापड यांची ने-आण चाले. २००२मध्ये ते बंद झाले आणि गावातले व्यापारी ते उघडावे म्हणून अजून अर्ज करत आहेत. त्याच्या जवळच वाट फा वियांग इन हे मंदिर आहे. ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस, शान बंडखोरांचे एक नेते कोन झुंग, ज्यांना मो हेंग म्हणूनही ओळखतात, त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. लढाईत एक हात गमावलेला हा सेनानी पियांग लुआंगमध्ये आपला तळ ठेवून होता, १९८५मध्ये त्याने खुन साच्या सैन्याशी हातमिळवणी केली आणि १९९१मध्ये तो वारला. मंदिर बांधले तेव्हा सीमा नेमकी कोठे आहे याचा कोणी फारसा विचार केला नव्हता. आज मंदिराच्या काही इमारती थायलंडमध्ये आणि काही म्यानमारमध्ये मोडतात. २००२नंतर पलीकडच्या भागात म्यानमारचे सैनिक आहेत, आणि भिक्षूंना आपल्याच मठाच्या दुसऱ्या अर्ध्यात पाऊल टाकता येत नाही.

ही रेषा ब्रिटिश आणि सयामी अधिकाऱ्यांनी १८९०च्या दशकात मुख्यतः डोंगरांच्या पाणलोटावरून ठरवली. नकाशावर पाणलोट स्पष्ट दिसतो, जंगलातल्या फुटक्या-तुटक्या धारांवर तो कोठून जातो याबद्दल आजही दोन्ही देशांचे एकमत नाही. सुमारे २,४०० किलोमीटरच्या या सीमेचा फारच थोडा भाग दोन्ही बाजूंनी मिळून खुणांनी पक्का केलेला आहे. माए आई तालुक्यातल्या दोई लांग डोंगरावरून वाद आहे, आणि वियांग हेंगच्या आसपासच्या धारांवरची वा सैन्याची काही ठाणी आपल्या हद्दीत आहेत असे थाई सैन्य म्हणते. दुसऱ्या महायुद्धात तर जपानच्या मदतीने थायलंडने क्याईंगतोंग आणि मोंग पान ही शान संस्थाने आपल्यात सामीलच करून घेतली होती, आणि समोर दिसणारा मुलूख त्याच मोंग पानचा. त्या काळात तेथल्या रहिवाशांना थाई बांधव म्हणून जवळ केले गेले, १९४५नंतर ते पुन्हा परके झाले. डोंगर, भाषा, भात यांपैकी काहीच बदलले नव्हते.

मंदिराच्या अलीकडच्या आवारात उभे राहून पलीकडचे खंदक आणि वाळूची पोती स्पष्ट दिसतात. फोटो काढू नका, असे तेथल्या भिक्षूंनी शांतपणे सांगितले आणि मी कॅमेरा पिशवीत ठेवला. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या पोय सांग लोंग उत्सवात लहान मुलांना राजपुत्रासारखे सजवून, बापाच्या किंवा काकाच्या खांद्यावर बसवून मिरवत आणतात आणि मग त्यांना श्रामणेराची दीक्षा देतात. या वर्षी कौंग जोरमधून किती मुले बसणार याची यादी भिक्षूंकडे होती, आणि ती वाचून दाखवताना त्यांचा चेहरा खुलला.

बुधवार, वियांग हेंग

परतीच्या वाटेवर आम्ही वियांग हेंगच्या जिल्हा कचेरीत थांबलो, कारण वस्तीतला एक मुलगा आपल्या अर्जाचे काय झाले ते पाहायला आमच्याबरोबर आला होता. तो २००५मध्ये याच खोऱ्यात जन्मला आणि येथल्याच थाई शाळेत शिकला. कागद नसलेल्या मुलांनाही शाळेत घ्यावे असा थाई मंत्रिमंडळाचा ठराव त्याच वर्षीचा. थायलंडच्या मातीवर जन्मला म्हणून तेथील नागरिकत्व आपोआप मिळत नाही, आईबापांचा दर्जा पाहिला जातो, आणि त्याच्या आईबापांना दर्जाच नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने दीर्घकाळ राहणाऱ्या सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांना वास्तव्याचा हक्क किंवा नागरिकत्व लवकर मिळावे म्हणून नियम सोपे केले. ही योजना ज्यांची नोंद आधीच सरकारदरबारी आहे त्यांच्यासाठी आहे, आणि थायलंडमध्ये जन्मलेली मुलेही तिच्यात बसतात. त्यामुळे या मुलाच्या बाबतीत सगळे एका गोष्टीवर अडले आहे: त्याचा जन्म दवाखान्यात झाला नाही, वस्तीतल्या सुईणीच्या हातून झाला, आणि जन्माचा दाखला कधी काढलाच गेला नाही.

खिडकीवरच्या बाईंनी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, तिरसटपणा केला नाही. जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांचे जबाब, गावप्रमुखाचे पत्र आणि शाळेचा दाखला आणा, असे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. सुईण वारली आहे. दुसरी साक्षीदार त्याची मावशी, ती च्यांग माईत बांधकामावर आहे आणि तिच्याजवळ नाके ओलांडून येण्याचा परवाना नाही. मुलाने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि जबाब च्यांग माईच्या एखाद्या कचेरीत देऊन इकडे पाठवता येईल का, असे विचारले. बाईंनी वरिष्ठांना विचारून सांगते, पुढच्या आठवड्यात या, असे उत्तर दिले. तो मावशीला फोन लावायला बाहेर गेला आणि आम्ही नाक्याच्या दिशेने निघालो.